सिस्टरांच्या गोगलगायी

"गोगलगायींची किळस येते का तुम्हाला?"

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकिणीने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. पोलादपुरात त्याआधी मी तीन घरं पाहिली होती. तिन्ही ठिकाणी पगार किती, लग्न कधी करणार आणि घरात मासे शिजवणार का, याची चौकशी झाली होती. इथे दारात एक उंच, काटकुळी बाई उभी. पायात गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट, फिकट निळी साडी वर खोचलेली, आणि डाव्या खांद्याशी पिनेने अडकवलेलं उलटं घड्याळ. हातात लांब चिमटा, आणि चिमट्यात पाय नसलेलं काहीतरी ओलं, हळूहळू वळवळणारं.

मी वाईची. आमच्याकडे गोगलगाय दिसली तर मुलं बोलावून दाखवावी इतकी ती दुर्मीळ. "फारशा पाहिल्याच नाहीत," मी म्हणाले.

"पाहाल," त्या म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. बाजारपेठेपासून वरच्या वाड्यांपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायला आलेली, म्हणून त्या मला टीचर म्हणायच्या. पाच वर्षं एका छपराखाली राहून आम्ही एकमेकींना कधी नावाने हाक मारली नाही.

माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती जन्माच्या वेळची. एखाद्या मिशाळ, जाड्या माणसाने बाजारात वाकून नमस्कार केला, की तो पुढे गेल्यावर त्या मला सांगायच्या, "हा पायाळू. आईला दोन दिवस दमवलं याने." गॅसची गाडी चालवणारा कोण, तर नाळ मानेभोवती असलेला. आमच्या मुख्याध्यापकांबद्दल त्यांनी जे सांगितलं, त्यानंतर महिनाभर मला स्टाफरूममध्ये त्यांच्याकडे बघून गंभीर राहणं जड गेलं.

लग्न केलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणायच्या, "ड्यूटी लागली होती." त्यापुढे कुणी विचारायचं धाडस केलं नसावं.

घरामागे त्यांची बाग होती. बाग मोठी नव्हती, पण शिस्तीत होती. झेंडू, शेवंती, मिरची, पडवळाचा मांडव, कडेला सोनटक्का. प्रत्येक रोपाशेजारी काठी आणि काठीला जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने नंबर. त्या रोपांना बेडच म्हणायच्या. "बेड अकरा आज जरा बरा आहे," असं चहा पिताना ऐकलं, की मिरचीच्या अकराव्या रोपाला नवा शेंडा फुटलाय असं समजायचं. सकाळी सहाला, पाऊस असो नसो, छत्री घेऊन त्यांचा राउंड व्हायचा. वाकून प्रत्येक पानाची खालची बाजू बघायची, शेंडा बघायचा, मातीवर चकचकीत चिकट रेघ आहे का ते बघायचं. रेघ दिसली की चेहरा बदलायचा. गोगलगाय रात्री येऊन गेली, हे त्या रेघेवरून कळतं.

पोलादपूरचा पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. जूनच्या मध्यापासून भिंतींना ओल येते, चपलांना बुरशी येते आणि गोगलगायी येतात. आधी बोटाएवढ्या, काळपट, पाठीवर काहीच नसलेल्या. मग मी येण्याच्या दोन-तीन वर्षं आधी, कुणाच्या तरी नर्सरीतल्या मातीबरोबर असेल, पाठीवर मुठीएवढा तपकिरी शंख असलेल्या आल्या. त्या एका रात्रीत झेंडूचा वाफा साफ करायच्या. सकाळी फक्त काड्या उभ्या.

सिस्टरांनी काय केलं नाही? बेकरीतून राख आणून वाफ्याभोवती पसरली. पहिल्या सरीत ती वाहून गेली. स्टँडसमोरच्या ऑम्लेटच्या गाडीवरून अंड्यांची टरफलं आणली, वाळवली, खलबत्त्यात कुटली. ती थोडे दिवस टिकली. चुन्याची रेघ ओढली, ती पावसाने नाल्यात नेली. मग कुणीतरी सांगितलं की तांब्यावरून गोगलगाय चढत नाही. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानातून त्यांनी जुन्या तारेचं भेंडोळं आणलं. त्या तारेला वरून व्हार्निश असतं, ते काढल्याशिवाय उपयोग नाही. महिनाभर रोज संध्याकाळी मालिका बघत बघत त्या काचपेपरने तार घासत बसल्या. समोर टीव्हीवर सासू-सुनांची भांडणं, आणि यांचा हात वर-खाली, वर-खाली. कुंड्यांभोवती ती तार गुंडाळली. कुंड्या बऱ्यापैकी वाचल्या, वाफे मात्र उघडेच राहिले.

शेवटी खरा उपाय उरला तो वेचण्याचा. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी वाफ्यांमध्ये पसरायची. वासाने गोगलगायी रात्रभर येतात आणि उजाडताना गोणपाटाखाली लपतात. सकाळी गोणपाट उलटं करायचं आणि चिमट्याने एकेक उचलायची.

उचलून पुढे काय करायचं, हा प्रश्न होता. शेजारच्या दुकानदारीणबाईंनी कुंपणावरून सल्ला दिला, "मीठ टाका की सिस्टर. चिमूटभर मीठ, संपला विषय."

"टाकलंय कधी?" सिस्टर म्हणाल्या. "टाकून तिथे उभं राहून बघितलंय?"

शेजारीणबाई कुंपणावरचे कपडे गोळा करायला लागल्या.

"पस्तीस वर्षं जगवण्याचा पगार घेतला मी," सिस्टर म्हणाल्या. "आता पेन्शन खाऊन मारू?"

तर त्या मारायच्या नाहीत. झाकणाला भोकं पाडलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, खाली अळूचं पान घालून, त्या गोगलगायी ठेवायच्या. आठवड्यातून दोनदा तो डबा घेऊन उमरठच्या एसटीत बसायच्या. वाटेत एक मोठं वळण लागतं, तिथे रस्त्याच्या कडेला शेवरीचं झाड आहे आणि खाली उतारावर दाट झुडपं. त्या तिथे उतरायच्या, झाडाखाली डबा रिकामा करायच्या आणि परतीच्या गाडीची वाट बघत उभ्या राहायच्या.

"सिस्टर, डब्यात काय?" कंडक्टर विचारायचा.

"पेशंट."

"हाफ तिकीट का फुल?"

"डिस्चार्ज दिलाय. त्यांचं तिकीट लागत नाही."

अख्खी गाडी हसायची. मीसुद्धा. पावसाळ्यातल्या रविवारी मी बऱ्याचदा त्यांच्याबरोबर जायची आणि डबा मांडीवर धरून बसायची. परतताना त्या फार खुशीत असायच्या, बारीक आवाजात काहीतरी गुणगुणायच्या. असे दोन पावसाळे गेले.

तिसऱ्या पावसाळ्यात सगुणा आली.

सगुणा त्या वळणाच्या वरच्या वाडीतली. शेळ्या, दोन म्हशी, उतारावर नाचणी आणि पावसाळ्यात काकडी. पोलादपूरच्या बाजारात तिच्या काकड्यांना नाव होतं. तिची तिन्ही मुलं सिस्टरांच्या हातावर झालेली, त्यातली थोरली तर दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही, सिस्टरांनी तिला जीपमध्येच सोडवलं होतं. तेव्हापासून सगुणा बाजाराला आली की सिस्टरांकडे डोकावून, ब्लडप्रेशर मोजून घेऊन मगच परत जायची.

त्या दिवशी मी ओट्यावर वह्या तपासत बसले होते. सिस्टरांनी सगुणाच्या दंडाला पट्टा बांधला आणि फुगा दाबत विचारलं, "काय गो, यंदा काकडी नाय आणलीस?"

"कसली काकडी, सिस्टर. येल चार पानांवर आला का रातोरात खल्लास. गोगलगाई. ह्या एवढाल्या, पाठीवर शंख. माज्या सासूनं बी जल्मात बगितल्या नाय. गेल्या साली थोड्या व्हत्या. यंदा पाय ठेवायला जागा नाय. कुठनं आल्या देवाला ठावं."

सिस्टरांचा हात थांबला. "कुठल्या तुकड्यात?"

"वळणाखालच्या. वर शेवरी हाय ना रस्त्याला? तिच्या सरळ खालती. झाडीच्या आड."

फुग्यातली हवा सुस्स करून निघून गेली. सिस्टरांनी पुन्हा पट्टा फुगवला, पुन्हा सोडला. तिसऱ्यांदा कुठे त्यांना आकडा घेता आला. तो त्यांनी सगुणाला सांगितला, मीठ कमी खा म्हणाल्या, आणि ती गेल्यावर आतल्या खोलीत जाऊन पडल्या.

तीन दिवस बागेत राउंड झाला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, कंबर धरलीय. चौथ्या दिवशी, रविवारी, त्या नेहमीच्या वेळी उठल्या आणि माझं दार वाजवलं. "टीचर, चला. सांगून यायचंय."

वळणावर उतरून या वेळी आम्ही झुडपांमधून खाली गेलो. पन्नास-साठ पावलंसुद्धा नसतील. झाडी संपली आणि ओढ्याकाठी तो तुकडा समोर आला. नीट बांध घातलेला, काकडीसाठी काठ्या रोवलेला. काठ्या होत्या, वेल नव्हते. जिथे बघावं तिथे त्या चकचकीत रेघा. सगुणा आणि तिचा नवरा बांधावर होते. आम्हाला बघून सगुणाला आनंद झाला. "अगोबाई, सिस्टर! हितं कशा आलाव?"

सिस्टरांनी छत्री मिटली. पाऊस पडत होता तरी मिटली.

"सगुणा, त्या गोगलगायी मी सोडल्या."

"सोडल्या म्हंजे?"

"माझ्या बागेतल्या. डब्यात घालून आणायची आणि वर शेवरीखाली सोडायची. दोन पावसाळे. मला वाटलं इथे रान आहे."

सगुणाने सावकाश आपल्या तुकड्याकडे बघितलं. "ह्ये रान हाय?"

"मी खाली उतरून बघितलं नाही. बघायला हवं होतं."

मग सगुणा बोलायला लागली, आणि तिचा आवाज चढत गेला. "तुमच्या झेंडूपायी माजी काकडी घालवलीत तुमी. दोनदा पेरलं मी. दोनदा. तुकडा बाधला म्हनून कोंबडं दिलं. घरच्यांनी माज्या हातालाच दोष दिला, आन तुमी गाडीत बसून हसत जात व्हताव!"

"जाऊ दे गो," तिचा नवरा हळूच म्हणाला. "सिस्टर हायत त्या."

"सिस्टर हायत म्हनूनच बोलते!" सगुणा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दुसरं कोन असतं तर दगड घातला असता."

सिस्टर भिजत उभ्या होत्या. सगुणाचं बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "उद्यापासून मी येते. वेचायला."

"नका येऊ."

"येते."

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या. बाहेर बघतच त्यांनी मला विचारलं, "टीचर, या किती वाढतात ते तुम्हाला माहीत होतं?"

मला माहीत होतं. या जातीत नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येक जण अंडी घालू शकतो, ढिगाने घालतो, हे मी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवत होते. "होतं," मी म्हणाले. "तुम्ही इतक्या खुशीत असायचात, म्हणून..."

"पेशंटला बरं वाटावं म्हणून रिपोर्ट दडवायचा नसतो," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आम्ही गेलो. सिस्टरांनी गोणपाटं आणि गुळाचं पाणी आदल्या संध्याकाळीच सगुणाच्या नवऱ्याकडे पोचतं केलं होतं. त्याने कृषी केंद्रातून विषाच्या गोळ्या आणायचं ठरवलं होतं, पण सिस्टरांनी त्याला थांबवलं. त्या गोळ्या गोडसर असतात, कुत्रं खातं, शेळी खाते आणि तडफडून मरते. "एक चूक माझी झाली. तिच्यावर दुसरी नको," त्या म्हणाल्या.

आम्ही गोणपाट उलटलं. खाली इतक्या होत्या की मी दोन पावलं मागे सरले. आता त्यांना नेऊन सोडायला जागा नव्हती, आणि ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. सिस्टरांनी घरून बादली आणली होती. तिच्यात मिठाचं आणि साबणाचं घट्ट पाणी. त्यांनी चिमट्याने पहिली गोगलगाय उचलली. तिने शंखातून अंग बाहेर काढलं होतं, शिंगं हलवत होती. चिमटा पाण्याच्या वर किती तरी वेळ तसाच राहिला.

"मी करू का?" मी म्हणाले.

"नाही."

त्यांनी ती पाण्यात सोडली, तोंड फिरवलं, आणि मग खांद्यावरचं घड्याळ उचलून वेळ बघितली. दवाखान्यात कुणी गेलं की बघतात तशी. "सहा पंचेचाळीस," असं पुटपुटल्या आणि दुसरी उचलली. त्यानंतर मात्र घड्याळ बघितलं नाही. तेवढा वेळच नव्हता.

त्या दररोज जात राहिल्या. मला शाळा असायची, मी जमेल तेव्हा जायची. अकरानंतर त्या परत यायच्या, कंबर धरून, बोटं पांढरीफटक पडलेली. खोल खड्डा करून, चुना घालून त्या सगळं पुरायच्या. दगडांच्या फटीत, केळीच्या बुंध्याशी मातीत हात घालून अंडी शोधायच्या, साबुदाण्यासारखी पिवळसर, आणि तीही काढायच्या. इकडे घरची बाग बघायला कुणी उरलं नाही. झेंडू गेला, शेवंती गेली. मी एकदा गोणपाटं घातली, तर म्हणाल्या, "राहू द्या. हे बेड रिकामे झाले तरी चालतील."

कंडक्टर आता काही विचारत नव्हता. गावात गोष्ट पसरली होती. त्यांना बघून लोक बोलणं थांबवायचे. त्या मात्र पूर्वीसारख्याच ताठ चालायच्या, आणि कुणी विचारलंच तर सांगायच्या, "हो, मीच सोडल्या."

गोगलगायी एका पावसाळ्यात संपल्या नाहीत. पुढच्या वर्षी अर्ध्यावर आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी क्वचित कुठे एखादी. सगुणाची काकडी परत बाजारात आली. नंतर माझी महाडला बदली झाली आणि सिस्टरांच्या गुडघ्यांनीही साथ सोडली. त्या महाडलाच पुतण्याकडे राहायला आल्या, तिसऱ्या मजल्यावर. मी अधूनमधून जायची. गॅलरीत चार कुंड्या होत्या. त्या तिथे खुर्ची टाकून बसायच्या, खालून जाणाऱ्या माणसांकडे बघायच्या, पण इथली माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली नव्हती, त्यामुळे सांगण्यासारखं काही नसायचं. गेल्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. वरच्या वाडीतून जीप भरून माणसं आली होती.

पण त्यांची आठवण आली की मला वेचणीच्या त्या पहिल्या पावसाळ्यातली एक सकाळ आठवते. श्रावण लागला होता. महिन्याच्या वर दिवस झाले होते आणि तेवढ्या दिवसांत सगुणा त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती वर घराच्या पडवीतून बघायची आणि आत जायची. त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मी बरोबर होते. धुक्यात पलीकडचा बांध दिसत नव्हता. सिस्टर चिखलात उकिडव्या बसून वेचत होत्या, चिमटा बादलीकडे नेत होत्या, तोंड फिरवत होत्या, परत वळत होत्या.

सगुणा खाली आली. तिच्या एका हातात कोऱ्या चहाचा पेला होता, वर झाकलेली बशी. ती सिस्टरांच्या समोर येऊन उभी राहिली.

"उठा. हितं दगडावर बसा. च्या घ्या."

सिस्टरांनी वर बघितलं. उठताना त्यांचा तोल गेला, सगुणाने दंडाला धरून त्यांना दगडावर बसवलं आणि पेला हातात दिला.

"रोज बगते मी वरनं," सगुणा म्हणाली. "एकेक बुडवताव आन तोंड फिरवताव. सगळं तुमीच नका मारू. शेत माजं हाय. निम्म्या मी मारते."

"तुला जमेल?"

"कोंबडी कापते मी, सिस्टर."

तिने चिमटा घेतलाच नाही. पदर खोचला, खाली बसली आणि उघड्या हाताने गोगलगायी उचलून बादलीत टाकायला लागली, भराभर, शेंगा तोडाव्यात तशा. सिस्टर दगडावर बसून बघत होत्या. त्यांनी चहाचा एक घोट घेतला, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आवाज नव्हता, पण पेल्यातला चहा हिंदकळून साडीवर सांडत होता.

सगुणाने मान वर केली नाही. हातही थांबवला नाही. एक अख्खं गोणपाट संपवलं, दुसऱ्याशी सरकली, आणि मग पाठमोरीच म्हणाली,

"साखर कमी पडली का, सिस्टर?"